गणपतीत रंग बदलणारे फ्लड लाइट लावताय? मग आधी डीसी कंट्रोलर समजून घ्या!

मखरामागची भिंत हळूहळू निळी होते, मग जांभळी, मग केशरी. हे पाहून आपणही दोन फ्लड लाइट आणतो आणि मंद करायला त्यांना पंख्याचा रेग्युलेटर जोडतो. लाइट फडफडतो आणि बंद पडतो.

असं का होतं? २३० व्होल्टच्या एलईडी फ्लड लाइटमध्ये ड्रायव्हर असतो. तो एसीचं डीसी करतो आणि आतल्या एलईडीचा करंट कायम ठेवायला धडपडतो. बाहेरून वीज कापली की त्याचा गोंधळ उडतो.

डेकोरेशनसाठी म्हणूनच १२ व्होल्ट डीसीचे आरजीबी फ्लड लाइट मिळतात. कंट्रोलर त्यांचं व्होल्टेज कमी करत नाही, तर सेकंदाला शेकडो वेळा त्यांना चालू-बंद करतो. निम्मा वेळ बंद ठेवला की प्रकाश निम्मा. डोळ्यांना ही उघडझाप कळतच नाही! लाल, हिरवा, निळा यांची अशी वेगवेगळी प्रमाणं ठेवली की हवा तो रंग मिळतो.

लाइटला चार वायरी असतात. एक सामायिक प्लस, बाकी तीन रंगांच्या. गंमत म्हणजे काळी वायर अनेकदा प्लस असते. काळी म्हणजे मायनस असं धरून जोडू नका, आधी लेबल वाचा.

खरी फसगत होते ती वायरमध्ये. १० वॅटचे चार लाइट म्हणजे ४० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ३.३ अँपिअर. ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो. पण लाइट १० मीटर लांब असतील आणि वायर ०.५ चौरस मिमीची असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं झालं. ढोबळ हिशेबाने अडीच व्होल्ट वाटेतच जातात. निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे ते आधी मंदावतात आणि पांढरा प्रकाश लालसर दिसू लागतो. लोक लाइटला दोष देतात! १.५ चौरस मिमीची वायर घेतली तर घट पाऊण व्होल्टवर येते. २४ व्होल्टचे लाइट असतील तर करंटच निम्मा होतो.

आणि भाद्रपदातला पाऊस. अंगणात, गेटवर लाइट लावायचे असतील तर १२ व्होल्टचा मोठा फायदा हाच, की ओल्या हातांजवळ २३० व्होल्टची वायर जात नाही. मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा एसएमपीएस घरात, कोरड्या जागी असतो. उघड्या टर्मिनलचा जाळीदार एसएमपीएस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुंपणाला टांगला, तर सगळं मुसळ केरात. १२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण शॉर्ट झालं तर वायर तापून आवरण वितळू शकतं. मखर थर्माकोल किंवा कापडाचं असेल तर हे फार महागात पडेल. म्हणून एसएमपीएसच्या प्लस वायरवर, अगदी सुरुवातीलाच, ५ अँपिअरचा फ्यूज टाका. एसएमपीएसला अर्थिंगही जोडा.