बॅच पास होऊन गेली, ज्ञान कुठे राहिलं?

नॉलेज मॅनेजमेंट हा शब्द बीबीएला असताना मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. तो खरा कळला दुकान टाकल्यावर. पण आज तो विद्यापीठाच्या पीजी विभागातून समजून घेऊया, कारण आपली अडचण तिथे दरवर्षी ठरलेल्या वेळी येते.

एमएस्सी, एमबीएची बॅच साधारण दोन वर्षांची. पहिलं वर्ष शिकण्यात जातं, दुसऱ्या वर्षी माणूस कामाचा होतो आणि तेवढ्यात पास होऊन निघून जातो. आपल्याकडे पोरगा तयार झाला की शेजारचा दुकानदार दोन हजार जास्त देऊन नेतो, तसंच बघा.

जपानचे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५च्या पुस्तकात ज्ञानाचे दोन प्रकार धरलेत. एक, कागदावर उतरतं ते. दुसरं, हातात आणि डोक्यात बसलेलं असतं, विचारलं तरी नीट सांगता येत नाही.

पहिल्याची सोय चांगली आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ‘शोधगंगा’ चालवतं. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेसुद्धा. तुमच्या धंद्याचा विषय टाकून एकदा शोधाच.

पण प्रबंधात सगळं येत नाही. समजा एमबीएचा विद्यार्थी किराणा दुकानांचा सर्व्हे करतोय. ‘महिन्याची विक्री किती?’ असं विचारलं की दुकानदार गप्प. (मीही गप्पच बसेन!) सिनियर सांगतो, ‘अरे, दुपारी गिऱ्हाईक नसताना जा, आणि आठवड्याला साखरेची पोती किती लागतात ते विचार.’ ही गोष्ट प्रबंधात सहसा सापडणार नाही. सिनियर गेला की तीही गेली.

म्हणून चांगले विभाग ज्युनियरला सिनियरच्या शेजारी बसवतात. अर्धवट कामसुद्धा सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर मांडायला लावतात, म्हणजे कुठे अडलं ते बाकीच्यांना कळतं. प्रयोगशाळेत मशीनजवळ लॉगबुक असतं: कोणी वापरलं, काय बिघडलं, कसं सुरू झालं. नुसता ड्राइव्हवर फोल्डर करून काही होत नाही. त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा फायली साठतात आणि उघडत कोणीच नाही. नोनाकांच्या मांडणीतही लिहून ठेवणं हा एकच टप्पा आहे. त्याआधी सोबत काम करून शिकणं येतं. लिहिलेलं एकत्र जुळवायचं असतं, आणि शेवटी ते वापरून पुन्हा हातात बसवायचं असतं.

आता दुकानात हे कसं करायचं? जुना माणूस सोडणार असेल तर शेवटचे पंधरा दिवस नव्याला त्याच्यासोबत ठेवा. दोघांचा पगार द्यावा लागेल, द्या. आणि वही नव्याला लिहायला सांगा, जुन्याला नको. जुन्याला जे ‘त्यात काय सांगायचं’ वाटतं, नेमकं तेच नव्याला अडतं. सुरुवात उधारीच्या पानापासून करा: कोणाला किती दिवस थांबायचं, कोणाला फोन केलेला चालत नाही, आणि कोणाला हसतमुखाने नाही म्हणायचं.