दोन दिवसांत मोबाईल गेम बनतो का? ‘गेम जॅम’ म्हणजे काय, समजून घ्या

चिखला (ता. तुमसर) : गेम म्हटलं की गावात दोनच गोष्टी आठवतात. एक, मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेलं पोरगं. दुसरी, पैसे लावून हरलेला माणूस. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केंद्राने २०२५ मध्ये केला, ते बरंच झालं. पण गेमची तिसरी बाजूही आहे, ती म्हणजे तो बनवण्याची. आणि छोटा गेम दोन दिवसांतही बनतो.

गेम जॅम म्हणजे काय?

ठरलेल्या वेळेत गेम बनवण्याच्या उपक्रमाला ‘गेम जॅम’ म्हणतात. ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून दरवर्षी जानेवारीत होतो. विषय आधी कोणालाच माहीत नसतो. तो जाहीर झाला की ४८ तासांत गेम उभा करायचा. ही बक्षिसाची स्पर्धा नाही, शिकण्याची जागा आहे.

२०१३ मध्ये विषय म्हणून फक्त हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला गेला. त्यावरून लंडनच्या बोसा स्टुडिओजच्या लोकांनी अनाडी डॉक्टरच्या ऑपरेशनचा गेम बनवला. लोकांना तो आवडला. मग आणखी ४८ दिवस खपून त्यांनी तो ‘सर्जन सिम्युलेटर’ नावाने विकायला आणला.

घाईचा फायदा काय?

आपली रोवणीच बघा. बांधीत पाणी आलं, पऱ्हे तयार झाले, की मजूर मिळतात तेवढ्या दिवसांत काम उरकावं लागतं. आधी कोणती बांधी, नंतर कोणती, हे ठरवावंच लागतं. गेमचंही तसंच. वेळ कमी असला की काय सोडायचं ते कळतं.

समजा विषय आला ‘राखण’. धानात रानडुक्कर शिरतं आणि खेळणाऱ्याने ते हाकलायचं. लगेच मनात येतं, वाघ टाकू, पाऊस टाकू, दहा बांध्या करू. दोन दिवसांत एवढं होत नाही. एक बांधी, एक डुक्कर, एक राखणदार, बस. डुक्कर हाकललं तर गुण वाढले, धान खाल्लं तर कमी झाले. एवढं पहिल्या संध्याकाळपर्यंत चाललं पाहिजे. चित्रं वेडीवाकडी असली तरी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी गेम शेजारच्या पोराच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो कुठे अडतो ते बघा, तेवढंच दुरुस्त करा. शेवटच्या तीन-चार तासांत नवीन काही जोडू नका. आणि रात्री झोपा. जागरणात केलेल्या चुका सकाळी जास्त वेळ खातात.

नंतरचं काम महत्त्वाचं

गेम संपला की वहीत तीन गोष्टी लिहा : काय जमलं, वेळ कुठे गेला, पुढच्या वेळी काय सोडायचं. गेम बनवणारे याला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. हे लिहिलं नाही तर पुढच्या गेमलाही वेळ तिथेच जातो.

साधनं फुकट आहेत

लहान मुलांसाठी ‘स्क्रॅच’ आहे. त्यात सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. मोठ्यांसाठी ‘गोडो’ आहे. तो अँड्रॉइड मोबाईलवरही चालतो, पण कॉम्प्युटरवर काम सोपं जातं. शाळेची कॉम्प्युटर खोली सुट्टीत दोन दिवस उघडली तरी पुरे.

दोन दिवसांच्या गेमने लगेच पैसा येत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर गेला, पण त्यामागे काही वर्षांची मेहनत होती. लोकांकडून ऑनलाइन पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्नही मध्ये फसला होता. तरी अर्धवट सोडलेल्या मोठ्या गेमपेक्षा पुरा केलेला छोटा गेम बरा, तो कोणालाही दाखवता येतो.

तेव्हा पोरगं-पोरगी गेम खेळताना दिसली, तर रागावण्याआधी एकदा विचारून बघा : हा गेम तू बनवला असतास, तर यात काय बदललं असतंस?