वाळवंटात प्लग कुठे शोधायचा?

मुलांनो, नोव्हेंबर अर्धा सरला की कुवेत शहराबाहेर तंबूंची गावे वसू लागतात. मार्चच्या मध्यापर्यंत हा हंगाम चालतो. मोकळ्या वाळवंटाला इथले लोक 'बर्र' म्हणतात आणि तिथल्या सहलीला 'कश्ता'. सुबियाकडे, साल्मीच्या रस्त्याला, वफ्राच्या बाजूला गाड्या भरभरून मंडळी जातात. आपल्यापैकी काही कुटुंबेही एक गाडी आणि एक लहान तंबू घेऊन जातात. मोठ्या तंबूंपाशी जनरेटर धडधडत असतो, पण आपल्याकडे तो नसतो. म्हणजे पाण्यासारखी वीजही घरूनच न्यायची. पाण्याचे कॅन आई मोजून भरते. वीज मात्र कोणी मोजत नाही! आज आपण ती मोजायला शिकू.

शिकारी काय करतात?

दिवसचे दिवस रानात राहणाऱ्या शिकाऱ्यांना हा प्रश्न फार जवळचा. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात पायी फिरणारे शिकारी नकाशा, दिवा आणि मदतीची हाक, सगळे बॅटरीवर चालवतात. अरबस्तानात शिकारीचा जुना सोबती म्हणजे ससाणा, अरबीत 'सक्र'. तो 'हुबारा' पक्ष्यामागे सोडला जाई. हा हुबारा आपल्या सोलापूरकडच्या माळढोकाचा भाऊबंद. आता कुवेतमध्ये २०१४ च्या पर्यावरण कायद्याने रानातल्या पशुपक्ष्यांच्या शिकारीवर निर्बंध आहेत, पण ससाणे पाळण्याची हौस टिकून आहे. ससाणा दूर उडून गेला तर शोधता यावा म्हणून त्याच्या अंगावर चिमुकले प्रक्षेपक यंत्र बसवतात. त्याची बॅटरी संपली की पक्षी गेलाच म्हणायचा!

याच युक्तीचा एक सुंदर उपयोग भारतात झाला. नागालँडमधल्या पांगती गावाजवळ अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड शिकार होत असे. गावकऱ्यांनी ती थांबवली आणि २०१३ साली तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रे बसवण्यात आली. त्यांना चार्जर कोण लावणार? यंत्रावरच इवलासा सौर पत्रा होता. भारत ओलांडून, अरबी समुद्र ओलांडून ससाणे आफ्रिकेत गेले आणि वाटेत सूर्यच त्यांची बॅटरी भरत राहिला.

वीज मोजायची कशी?

पॉवर बँकेवर '१०,००० मिलिअँपिअर-तास' असे लिहिलेले असते. फोनची बॅटरी साधारण ५,००० ची. मग फोन दोनदा भरेल ना? नाही भरणार. पाहा गणित.

खरी शिदोरी मोजायची ती वॉट-तासांत. त्यासाठी अँपिअर-तासांना व्होल्टने गुणायचे. पॉवर बँकेच्या आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणून १० × ३.७ = ३७ वॉट-तास. फोनची ३.८५ व्होल्टची धरली, तर ५ × ३.८५ = सुमारे १९ वॉट-तास. आता एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना थोडे सांडतेच. विजेचेही तसेच आहे. व्होल्ट बदलताना आणि वायरीतून जाताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते. एक तृतीयांश गेली असे धरून चाला. उरले सुमारे २५. म्हणजे फोन एकदा पूर्ण भरेल आणि वर थोडे उरेल, इतकेच.

आता सहलीचा हिशेब मांडू. गुरुवारी संध्याकाळी निघालो, शनिवारी संध्याकाळी परत. दोन फोन, डोक्याला बांधायचे दोन दिवे, एक पॉवर बँक.

जमा: दोन भरलेले फोन ३८, पॉवर बँक २५. एकूण ६३ वॉट-तास.

खर्च: दिवे प्रत्येकी १ वॉटचे. रोज ३ तास, दोन रात्री, दोन दिवे, म्हणून १२. फोन जपून वापरले तर प्रत्येकी दिवसाला १०, दोन दिवसांचे ४०. एकूण ५२. म्हणजे ११ शिल्लक!

पण फोन घरच्यासारखे वापरले आणि रोज एक-एक बॅटरी संपली, तर फोनचेच ७६ आणि दिव्यांचे १२ मिळून ८८. म्हणजे २५ ची तूट. शनिवारी वाळूत गाडीचे चाक रुतले तर मदत बोलवायला फोनच नाही.

फोन गुपचूप कुठे खर्च करतो?

वाळवंटात मनोरा दूर असतो. फोन तो सारखा शोधत राहतो आणि दूरवर पोचण्यासाठी जास्त जोर लावून लहरी पाठवतो. लांबच्या माणसाशी बोलताना आपण ओरडून थकतो, तसेच हे. म्हणून फोन 'विमान अवस्थेत' ठेवा आणि ठरलेल्या वेळी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे सुरू करा. जागा दाखवणारी जीपीएस सोय बहुतेक फोनांत या अवस्थेतही चालते, कारण तिथे फोन उपग्रहाचे फक्त ऐकतो, स्वतः बोलत नाही. नकाशा मात्र घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. पडद्याचा उजेड कमी करा.

थंडी आणि ऊन

फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते!

या बॅटरीत लिथियमचे कण एका द्रवातून इकडून तिकडे ये-जा करतात. हिवाळ्यात गावाकडे खोबरेल तेल थिजते ना? हा द्रव तसा थिजत नाही, पण थंडीत घट्टावतो आणि कणांची चाल मंदावते. मग अर्धी भरलेली बॅटरीही अचानक मान टाकते. कुवेतच्या उघड्या वाळवंटात जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. म्हणून झोपताना फोन आणि पॉवर बँक स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. रॉकीतले शिकारी हेच करतात. शून्याखाली बॅटरी चार्ज मात्र करू नका. आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

ऊन तर त्याहून वाईट. बंद गाडीच्या काचेमागे फोन कधीच ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगते, क्वचित पेटही घेते.

सूर्याकडून उसने

साल्मीच्या बाजूला शगाया येथे कुवेतने सूर्य आणि वाऱ्यापासून वीज करणारे मोठे केंद्र उभारले आहे. आपण घडीचा छोटा सौर पत्रा नेऊ शकतो. '१० वॉट' लिहिलेल्या पत्र्यातून प्रत्यक्षात ६ मिळाले असे धरा. पाच तासांत ३० वॉट-तास, म्हणजे आपली तूट भरून निघाली! मात्र तीन गोष्टी सांभाळा. डिसेंबरात दुपारीही इथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३७ अंश वर असतो, म्हणून पत्रा आडवा न ठेवता दक्षिणेकडे तोंड करून चांगला उभट टेकवा. धूळ पुसत राहा. तंबूच्या दोरीची सावलीही पडू देऊ नका. पत्र्यातले तुकडे विहिरीवर बादल्या पुढे देणाऱ्या रांगेसारखे जोडलेले असतात. एक थबकला की सगळी रांग थबकते. आणि फोन स्वतः सावलीत ठेवा.

पालकहो, आपल्यासाठी

गाडीतून चार्ज करणे सोपे आहे, पण इंजिन बंद ठेवून तासन्‌तास दिवे, पंखे चालवू नका. सकाळी गाडीच सुरू झाली नाही तर काय? जनरेटर असल्यास तो तंबूपासून दूर, वारा तंबूकडे वाहत नसेल अशा बाजूला ठेवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि झोपेतच जीव घेतो. पेटलेल्या कोळशाची शेगडीही तंबूत घेऊन झोपू नये. कुठे जाणार, कधी परतणार, हे निघण्यापूर्वी एखाद्या शेजाऱ्याला सांगून ठेवा. संकटात फिरवायचा क्रमांक ११२. वाळूत लोखंडी वस्तू दिसल्यास मुलांना हात लावू देऊ नका. १९९०-९१ च्या युद्धातले सुरुंग आणि स्फोटके अजूनही कुठे कुठे सापडतात.

सुट्टीत गावी जाताना लक्षात असू द्या. पॉवर बँक विमानात हाताच्या सामानातच न्यायची असते आणि मर्यादा साधारणपणे १०० वॉट-तासांची, म्हणजे सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तासांची.

चार्जर नको असलेला वाटाड्या

सगळ्या बॅटऱ्या संपल्या तरी एक दिवा राहतो. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो, कुवेतमध्ये २९ वर. तिकडे तोंड केले की समोर उत्तर. दक्षिणेला खाली एक तेजस्वी तारा दिसेल. आपला अगस्त्य तो हाच, अरबांचा 'सुहैल'. तो पहाटे दिसू लागला की उन्हाळा सरला, असे इथले जुने लोक मानत. दोन भाषा, दोन नावे, तारा एकच!

घरी करून पाहा

१. तुमच्या पॉवर बँकेवरचा आकडा वाचा आणि वॉट-तास काढा.
२. तिसरा फोन जपून वापरायचा ठरवला, तर वरच्या हिशेबात शिल्लक किती राहील? (तो फोनही भरूनच निघाला आहे, हे विसरू नका!)
३. नवे शब्द वाक्यात वापरा: शिदोरी, तूट, उसने, वाटाड्या.

उत्तरे पुढच्या वर्गाला वहीत लिहून आणा.