'झुंड'मधली ती स्पर्धा खरी आहे. पण तिथे एक खेळाडू आयुष्यात एकदाच का खेळतो?

नागराज मंजुळेंचा 'झुंड' तुम्ही पाहिला असेल. २०२२ मध्ये आलेल्या या सिनेमात अमिताभ बच्चन यांनी रंगवलेली भूमिका बेतली होती नागपूरच्या विजय बारसे यांच्यावर.

बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतली पोरं भर पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यातूनच २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू झालं. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला.

ही स्पर्धा नेमकी काय आहे?

नाव आहे होमलेस वर्ल्ड कप. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली. इथे ११ नाही, तर प्रत्येक संघाचे ४ खेळाडू मैदानात असतात. सामना फक्त १४ मिनिटांचा. हरलेला संघ लगेच घरी जात नाही, शेवटच्या दिवसापर्यंत खेळतो.

आणि सगळ्यात वेगळा नियम म्हणजे एका खेळाडूला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते.

असं का?

कारण इथे उद्देश स्टार घडवणं हा नाही. एकाची जागा रिकामी झाली की दुसऱ्याला मिळते. आणि परत आल्यावर 'आता पुढे काय?' हा प्रश्न प्रत्येकासमोर उभा राहतो. नागपूरचा अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओमध्ये भारताचा कर्णधार होता. पुढे तो स्लम सॉकरमध्येच प्रशिक्षक झाला. म्हणजे स्पर्धा संपली, पण शिकलेलं पुढच्या पोरांपर्यंत पोहोचलं.

याचा कोहमाऱ्याशी काय संबंध?

नागपूरहून मुंबई-कोलकाता महामार्गानं भंडारा, साकोली मागे टाकली की कोहमारा लागतं. आपल्याकडे खेळाचं महत्त्व बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी मोजलं जातं: दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पोलीस भरती. दोन्ही महत्त्वाचेच आहेत. पण जो पोरगा जिल्ह्याच्या संघात निवडला जात नाही, त्याच्यासाठी मैदानावर काय उरतं?

याचं एक उत्तर कोलंबियात सापडतं. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच त्याची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर मेडेलिन शहरात फुटबॉलची एक वेगळी पद्धत रुजली. आज ती 'फुटबॉल-थ्री' म्हणून अनेक देशांत वापरली जाते.

ती कशी खेळतात?

• आधी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात.
• मग सामना होतो. मुलं-मुली एकाच संघात, आणि रेफरी नाही. फाऊल झाला तर खेळाडूंनीच कबूल करायचा.
• शेवटी पुन्हा बसून बोलायचं. कोण नियमाला धरून खेळलं, याचे गुण गोलांच्या गुणांत मिळवायचे.

म्हणजे जास्त गोल करूनही संघ हरू शकतो!

सचोटी, समोरच्याचा मान, मुलींना बरोबरीची जागा, हे फळ्यावर लिहून शिकवता येतं. पण रेफरी नसताना 'हो, माझा हात लागला' असं म्हणायची सवय मैदानावरच लागते. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. एक चेंडू, शाळेचं पटांगण आणि सामन्यानंतर दहा मिनिटं थांबणारे गुरुजी पुरेसे आहेत. ते कोहमाऱ्यातही जमू शकतं.