दगडी: गोठा कोणताही असो, कास सांभाळा

खेड्यापाड्यांत आपल्या अनेक कुटुंबांचा घरखर्च दोन-चार गाईंच्या दुधावर चालतो. डेअरीचा पगार झाला की मुलांची फी, किराणा आणि ईदचे कपडे होतात. या पगाराला मोठी गळती लागते ती कासेच्या आजाराने. पुस्तकात त्याला स्तनदाह म्हणतात. गोठ्यात मात्र ‘दगडी’ हेच नाव चालते, कारण सुजलेली कास हाताला दगडासारखी लागते.

कास गरम झाली, दुधात गुठळ्या आल्या, की आजार कोणालाही कळतो. खरा धोका त्याआधीच्या सुप्त अवस्थेत असतो. दूध पांढरेशुभ्र दिसते, गाय चारा खाते. फक्त दूध हळूहळू कमी होते आणि चव थोडी खारट लागते. आपण पेंडीला दोष देतो आणि तोवर सड निकामी होऊ लागतो.

“मुक्त गोठा केला की दगडी जाते” आणि “मशीन घेतले की दगडी होते” ही दोन्ही वाक्ये सर्रास ऐकू येतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत. जंतू प्रत्येक गोठ्यात शिरतात, फक्त त्यांची वाट वेगळी असते.

दावणीचा गोठा

इथे आजार मुख्यतः हातातून पसरतो. कासेचे चार भाग आतून वेगळे असतात. एका भागातले जंतू दुसऱ्यात जातात ते धार काढणाऱ्याचा हात आणि कास पुसण्याचे एकच फडके यांमुळे. म्हणून हात साबणाने धुवावेत, प्रत्येक गाईला वेगळे स्वच्छ फडके वापरावे आणि आजारी गाईची धार शेवटी काढावी. अंगठा मुडपून धार काढल्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने धार काढणे चांगले.

मुक्त संचार गोठा

गाय मोकळी फिरते, हवे तेव्हा पाणी पिते, कोरड्या जागी बसते. हा मोठा फायदा आहे. पण जागा कोरडी असेल तरच. पावसाळ्यात शेण-मुताचा चिखल झाला की त्यातले जंतू थेट सडाला लागतात. बसण्याची जागा उंच व निचऱ्याची हवी, शेण वेळेवर उचलायला हवे.

मशीनची धार

मशीन स्वतः आजार देत नाही. जुने, चिरलेले रबर, चुकीचा दाब आणि दूध संपल्यावरही लावून ठेवलेले कप सडाला इजा करतात. ते न धुता दुसऱ्या गाईला लावले की जंतूही तिकडे जातात.

तिन्ही पद्धतींना लागू पडणारी एक साधी गोष्ट आहे. धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेव्हा सड जंतुनाशकात बुडवावेत आणि गाईपुढे चारा टाकावा, म्हणजे ती लगेच खाली बसणार नाही. इंग्लंडमधील संशोधकांनी 1960 च्या दशकात दगडी रोखण्यासाठी पाच कलमी पद्धत घालून दिली. त्यात सड बुडवणे आणि गाय आटवताना डॉक्टरांच्या सल्ल्याने सडात औषध सोडणे ही दोन महत्त्वाची कलमे होती.

घरच्या घरी तपासणी

अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. पहिल्या धारा सोडून द्या. मग प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घ्या, तेवढेच पावडरचे पाणी घाला आणि मिनिटभर हलवा. मिश्रण घट्ट, चिकट झाले तर त्या सडात दाह आहे असे समजून डॉक्टरांना बोलवा. दाहामुळे दुधात वाढलेल्या पेशी पावडरने फुटतात, म्हणून ते घट्ट होते. ही स्वस्त पद्धत पाकिस्तानातील फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात विकसित झाली. तपासलेले दूध फेकून द्यावे.

औषध चालू असतानाचे दूध

प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक काळ दूध विकायचे नसते. किती दिवस, ते औषधाच्या वेष्टनावर असते, डॉक्टरही सांगतात. उकळल्याने औषधाचा अंश हमखास जात नाही. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही. कोणाला त्या औषधाची ॲलर्जी असेल, तर जीवावर बेतू शकते.

अमेरिकेत सेंद्रिय कळपातील गाईला प्रतिजैविक दिले की तिचे दूध पुन्हा ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. तरीही तो दर्जा वाचवण्यासाठी आजारी गाईचे उपचार टाळणे तिथल्या नियमांत मना आहे. म्हणजे जनावराची वेदना आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, दोन्ही सांभाळायचे.

आपल्यासाठी तर हा हलाल कमाईचा प्रश्न आहे. चार-पाच दिवसांचे दूध ओतून देणे गरीब घराला जड जाते, हे खरे. पण ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार असते. ती वेळ येऊ नये म्हणून पावडरची तपासणी महिन्यातून एकदा करा आणि कोणत्या गाईचा कोणता सड बिघडला, ते वहीत लिहून ठेवा. हे काम शाळेत जाणारी मुलेही आनंदाने करतील.