सल्फा औषधे : कार्य, उपयोग आणि दक्षता

आपल्याकडे येणारे अनेक रुग्ण आधीपासून आधुनिक औषधे घेत असतात. को-ट्रायमॉक्सॅझोल हे त्यांपैकीच एक. त्याचे कार्य चिकित्सक व औषध विक्रेते या दोघांनाही ठाऊक असावे, म्हणून येथे त्याचा संक्षेपाने विचार करीत आहोत.

जर्मनीतील गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा स्ट्रेप्टोकोकस जंतूंवरील परिणाम प्रसिद्ध केला. शरीरात त्याचे विघटन होऊन निर्माण होणारे सल्फानिलामाइड हेच खरे कार्यकारी द्रव्य असल्याचे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दिसून आले.

फॉलिक आम्ल मनुष्याला आहारातून मिळते; बहुतेक जंतूंना मात्र ते पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्लापासून स्वतः तयार करावे लागते. सल्फाची रचना या आम्लासारखी असल्याने जंतूंचे एन्झाइम फसते व निर्मिती थांबते. ट्रायमेथोप्रिम याच साखळीतील पुढचा टप्पा रोखते. म्हणून ८० मि.ग्रॅ. ट्रायमेथोप्रिम व ४०० मि.ग्रॅ. सल्फामेथॉक्सॅझोल एकाच गोळीत देतात. पूयात जंतूंना आवश्यक द्रव्ये आयती मिळतात, त्यामुळे तेथे सल्फा दुर्बल ठरते. पूयनिर्हरण आधी, औषध नंतर, हा क्रम शल्यतंत्राच्या अभ्यासकांना नवा नाही.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया यांत हे औषध वापरतात. मात्र अनेक जंतू आता त्यास दाद देत नाहीत.

दोन बाबतींत विशेष दक्षता हवी. औषध सुरू असताना ज्वरासह पुरळ, त्वचेवर फोड, मुखात व्रण किंवा नेत्ररक्तिमा दिसल्यास ते शीतपित्त समजून उपचार करीत बसू नये. औषध तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे. विलंब प्राणघातक ठरू शकतो.

दुसरी बाब आपल्या चिकित्सेशी निगडित आहे. ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. मूत्रकृच्छ्रात आपण योजतो त्या यवक्षारात पोटॅशियमचेच क्षार असतात. वृद्ध, वृक्कदौर्बल्य असलेले किंवा रक्तदाबासाठी एनालाप्रिलसारखे औषध घेणारे रुग्ण यांच्यात ही वाढ हृदयगती बिघडवू शकते. अशा रुग्णांत दोन्ही एकत्र देणे आम्ही टाळतो.

औषध विक्रेत्यांनीही ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये. पूर्वी सल्फाची ॲलर्जी झाली होती का, गर्भारपण आहे का, हे अवश्य विचारावे. आणि आपण चिकित्सकांनी क्षारकल्प लिहिण्यापूर्वी “सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?” हा प्रश्न कधीही चुकवू नये.