परदेशप्रवासाचा विमा : हप्त्याआधी अटी पाहा

मुलाबाळांच्या भेटीसाठी परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांची तिकीट, व्हिसा व परकीय चलनाची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. विमा मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात, सर्वांत कमी हप्ता पाहून घेतला जातो. त्याची खरी कसोटी परक्या शहरातील रुग्णालयाच्या दारात लागते. आपला नेहमीचा मेडिक्लेम सर्वसाधारणपणे भारतातील उपचारांपुरताच मर्यादित असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण अनिवार्य आहे. ते सर्व शेंगेन देशांत व संपूर्ण मुक्कामभर लागू असावे लागते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. तरीही तेथील उपचार अत्यंत महाग असल्याने विम्याची रक्कम अधिक ठेवणेच हिताचे.

सर्वांत नाजूक प्रश्न पूर्वीच्या आजारांचा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांच्या बाबतीत अनेक पॉलिसी त्या आजारांवरील खर्च वगळतात; काही पॉलिसी केवळ जिवावर बेतणाऱ्या प्रसंगी, ठरावीक मर्यादेपर्यंत तो देतात. हप्ता वाढेल या भीतीने प्रस्तावपत्रात आजार लपविल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. वाचलेल्या काही रुपयांची किंमत मग डॉलरमध्ये मोजावी लागते. विमा शाखेतून घेतला तरी दाव्याचा निर्णय विमा कंपनीच करते. म्हणून प्रस्तावपत्र स्वतः वाचूनच स्वाक्षरी करावी. आरोग्यविषयक प्रश्न ग्राहकास समजावून सांगणे हे शाखेतील सहकाऱ्यांचेही कर्तव्य होय.

निवड करताना पुढील बाबी तपासाव्यात :

१. डिडक्टिबल किती? ते १०० डॉलर असल्यास १,००० डॉलरच्या मान्य दाव्यात ९०० डॉलरच मिळतील.

२. खोलीभाडे, शस्त्रक्रिया इत्यादींवर वयानुसार उपमर्यादा आहेत काय?

३. मुक्काम लांबल्यास मुदतवाढ कशी मिळते? त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा.

४. पासपोर्ट वा सामान हरवल्यास कोणती कागदपत्रे लागतात?

पॉलिसीची एक प्रत सोबत व एक घरी ठेवावी. आजारपण आल्यास त्यावरील मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. विनारोख उपचारांची व्यवस्था तेथूनच होते. यजमान मुलामुलींनाही तो क्रमांक देऊन ठेवावा, कारण अशा वेळी दूरध्वनी बहुधा त्यांनाच करावा लागतो.

आपला प्रवास सुखाचा होवो!